जुने मेगर, अॅव्हो मीटर, गॅल्व्हानोमीटर : जमवायचे कसे, किंमत ठरवायची कशी

माळ्यावर वडिलांचा जुना मेगर (इन्सुलेशन तपासायचं, हँडल फिरवून चालवायचं उपकरण) सापडतो किंवा जुन्या बाजारात काळ्या बेकलाइटचा, म्हणजे जुन्या कडक प्लॅस्टिकचा, वजनदार मीटर हाती लागतो, आणि पहिला प्रश्न येतो : याचे किती येतील? दुसरा प्रश्न थोड्या दिवसांनी येतो : असे आणखी कुठे मिळतील? इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सच्या नोकरीत मला ही आवड लागली. सुरुवातीला सांगणारं कुणी नव्हतं. जे विचारून, चाचपडून कळलं ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी क्रमाने लिहितो आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. या उपकरणांची किंमत तीन गोष्टींवर ठरते : आतली यंत्रणा शाबूत आहे का, वस्तू पूर्ण आहे का, आणि ती कुठून आली हे सांगता येतं का. चकाकीला यात फारशी जागा नाही. नवखा माणूस नेमके तिच्यावरच पैसे घालवतो.

महाराष्ट्रात हा माल भरपूर आहे, आणि त्याला कारण आहे. खोपोलीचं टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झालं. मुंबईत विजेची ट्राम १९०७ पासून धावत होती, तर विजेवरची पहिली लोकल १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला धावली. गिरण्या वाफेवरून विजेवर आल्या. या प्रत्येक ठिकाणी इन्सुलेशन तपासायला, करंट मोजायला, केबलचा फॉल्ट शोधायला उपकरणं लागत, आणि ती बहुतेक विलायतेहून येत. गिरण्या बंद पडल्या, सबस्टेशनं बदलली, कॉलेजांच्या प्रयोगशाळा डिजिटल झाल्या, आणि हा सगळा माल भंगाराच्या वाटेला लागला.

१. आधी ठरवा, नेमकं काय जमवायचं

जे दिसेल ते उचललं तर वर्षभरात घर भरतं आणि संग्रह मात्र होत नाही. माझ्या मते सुरुवातीला एकच घराणं निवडावं.

मल्टिमीटर हे सगळ्यांत सोयीचं. लंडनच्या ऑटोमॅटिक कॉइल वाइंडर कंपनीने १९२३ साली पहिला अॅव्हो मीटर बाजारात आणला. ब्रिटिश पोस्ट खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकॅडी यांची ती कल्पना. अँपिअर, व्होल्ट, ओहम ही तीन मापं एकाच पेटीत, म्हणून नाव अॅव्हो. त्याचं आठ नंबरचं मॉडेल १९५१ साली आलं आणि थेट २००८ पर्यंत बनत राहिलं. आपल्याकडे नाशिकच्या मोटवानींचा '८ एक्स' मीटर कित्येक वर्कशॉपांत असायचा. 'शिकागो रेडिओ'चे कर्णे स्वातंत्र्य चळवळीच्या सभांना पुरवणारं मोटवानी घराणं ते हेच. याशिवाय अमेरिकेचा सिम्पसन २६०, जपानचा सान्वा आणि आपला मेको आहेतच.

दुसरं घराणं मेगरचं. 'मोटारला मेगर मारून बघ' असं प्रत्येक वायरमन म्हणतो, पण मेगर हे मुळात लंडनच्या एव्हरशेड अँड व्हिग्नोल्स कंपनीचं नोंदणीकृत नाव आहे, १९०३ सालचं. लाकडी पेटीतला मोठा मेगर, पुढे आलेला बेकलाइटचा छोटा 'वी मेगर', नंतरचे भारतीय बनावटीचे, असा हा वंश मोठा आहे.

तिसरं घराणं प्रयोगशाळेचं : पोस्ट ऑफिस बॉक्स, व्हीटस्टन ब्रिज, पोटेन्शिओमीटर, टँजंट गॅल्व्हानोमीटर, डेकेड बॉक्स. रेझिस्टन्स, व्होल्टेज किंवा बारीक करंट मोजायला लागणारी ही साधनं. केंब्रिज इन्स्ट्रुमेंट, टिन्स्ली, लीड्स अँड नॉर्थ्रप ही नावं दिसली की थांबून बघा. अंबाल्यात बनलेला शैक्षणिक माल यात सगळ्यांत जास्त सापडतो आणि शिकायला तोच बरा.

ऑसिलोस्कोपपासून मात्र पहिली दोन वर्षं लांब राहा. जागा खातात, दुरुस्ती अवघड असते, आणि आतल्या उच्च दाबाच्या (व्होल्टेजच्या) भागात बंद केल्यानंतरही जीवघेणा चार्ज शिल्लक असू शकतो.

२. पिशवीत काय न्यायचं

– दीड व्होल्टचा नवा सेल, आणि त्याच्याशी सिरीजमध्ये जोडलेला १०० किलोओहमचा रेझिस्टर, दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप
– दोन हातभर वायर, शॉर्ट करायला
– लहान टॉर्च आणि भिंग
– रंगाचा मऊ ब्रश
– जाड कापड आणि बबलची गुंडाळी
– वही. मोबाईलवर फोटो काढा, पण सीरियल नंबर हाताने लिहून घ्या. घासलेले आकडे फोटोत वाचता येत नाहीत.

डिजिटल मल्टिमीटर घरीच ठेवा, किंवा नेलात तर तो ओहम रेंजवर लावून जुन्या मीटरच्या उघड्या कॉइलवर टेकवू नका. नाजूक मायक्रोअँपिअरच्या यंत्रणेला तेवढा करंटही जड जातो. काटा आपटून वाकू शकतो.

३. कुठे शोधायचं

पुण्याचा रविवार-बुधवारचा जुना बाजार आणि मुंबईतला मटण स्ट्रीटचा चोर बाजार ही दोन नावं सगळ्यांना माहीत आहेत. तिथे माल मिळतो, पण चोर बाजारातला दुकानदार आता 'अँटिक' या शब्दाला सरावला आहे. पितळ दिसलं की भाव चढतो. नव्याने बनवलेली, जुन्यासारखी दिसणारी पितळी यंत्रंही याच दुकानांत असतात. होकायंत्रं आणि सेक्स्टंट यांच्या नकला खूप होतात. विजेच्या मापन उपकरणांच्या नकला कमी, पण वेगवेगळ्या तुकड्यांतून जोडलेली 'जुनी' वस्तू नक्की भेटते.

त्याहून चांगली जागा म्हणजे मोटार रिवाइंडिंगची दुकानं. कोल्हापूरचं उद्यमनगर, इचलकरंजी, मालेगाव, भिवंडी अशा गावांत तीन पिढ्यांची रिवाइंडिंगची दुकानं आहेत, आणि मागच्या फळीवर एखादा न चालणारा मेगर धूळ खात असतो. तिथे जाताना गिऱ्हाईक म्हणून जाऊ नका. बसा, चहा घ्या, त्यांना त्या मीटरबद्दल विचारा. 'काका, हा कुणी आणला होता?' या प्रश्नाचं उत्तर म्हणजे त्या वस्तूचा इतिहास, आणि तो दुसरीकडे कुठेच लिहिलेला नसतो. लगेच वहीत उतरवा.

तिसरी जागा कॉलेज आणि आयटीआय. इथे थेट व्यवहार होत नाही. प्रत्येक उपकरण डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे संस्थेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, चढलेलं असतं. त्याचं निर्लेखन होतं, म्हणजे ते नोंदीतून रीतसर कमी केलं जातं, मग लिलाव किंवा दरपत्रकं मागवून विक्री. प्रयोगशाळा सहायक कितीही आपुलकीने म्हणाले, 'घेऊन जा, पडूनच आहे', तरी घेऊ नका. लिलाव कधी आहे एवढं विचारा आणि रीतसर बोली लावा.

सरकारी कंपन्यांचा माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावात निघतो. तिथे लॉट मोठे असतात आणि इलेक्ट्रॉनिक कचऱ्यात मोडणारा माल नोंदणीकृत रीसायकलरलाच घेता येतो. आपण एकट्याने त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही. लॉट घेणाऱ्या व्यापाऱ्याशी ओळख ठेवा.

४. तबकडी वाचायला शिका

मीटरची तबकडी हीच त्याची कुंडली. खालच्या कोपऱ्यात बारीक खुणा छापलेल्या असतात आणि बहुतेक विक्रेते त्यांच्याकडे बघतसुद्धा नाहीत.

घोड्याच्या नालेसारखी खूण म्हणजे मूव्हिंग कॉइल, कायम चुंबकाचा मीटर; त्यात चुंबकाच्या फटीत तारेची गुंडाळी फिरते आणि काटा हलवते. आडवी सरळ रेघ म्हणजे डीसी, नागमोडी म्हणजे एसी. चांदणीत २ लिहिलं असेल तर २ किलोव्होल्टला इन्सुलेशन तपासलेलं आहे. मीटर उभा वापरायचा की आडवा, यासाठीही खूण असते. सुटा असलेला ०.५, १, १.५ किंवा २.५ हा आकडा म्हणजे अचूकतेचा वर्ग, पूर्ण पट्टीच्या इतके टक्के चूक चालते. ०.५ वर्गाचा टिकाऊ लाकडी पेटीतला मीटर हा प्रयोगशाळेचा, आणि २.५ चा बहुधा स्वीचबोर्डवरचा. दोन्ही सारखेच जुने दिसले तरी किंमत सारखी नाही. भारतीय मीटरवर आयएस १२४८ हा मानक क्रमांक दिसला तर तो स्वातंत्र्यानंतरचा, हे तर उघडच आहे.

अॅव्हो मीटरचा सीरियल नंबर विशेष उपयोगी. त्याच्या शेवटच्या तीन-चार आकड्यांत महिना आणि साल असतं. शेवटी ११६४ असेल तर नोव्हेंबर १९६४, ३५९ असेल तर मार्च १९५९. विक्रेता 'ब्रिटिश जमान्याचा आहे साहेब' म्हणत असताना तुम्ही शांतपणे १९६४ वाचू शकता.

५. जागेवरची तपासणी

हा सगळ्यांत महत्त्वाचा टप्पा. इथे घाई नको.

आधी काहीही न जोडता मीटर हातात घ्या आणि हळू कलता करा. काटा मोकळा हलला पाहिजे, कुठे अडता कामा नये. आता मीटर आडवा, उभा, डाव्या-उजव्या कुशीवर असा धरून शून्याकडे बघा. काटा थोडा सरकेल. फारच सरकत असेल तर तोल बिघडला आहे, म्हणजे मीटर कधीतरी पडला आहे किंवा कुणीतरी उघडला आहे. टॉर्च तिरका धरून काचेतून काट्याच्या टोकाकडे बघा. टोक वाकलेलं असेल तर काटा कधीतरी जोरात आपटला आहे.

मग शॉर्टची परीक्षा. गॅल्व्हानोमीटर असेल, किंवा मल्टिमीटर सर्वांत खालच्या करंट रेंजवर लावला असेल, तर टर्मिनल मोकळी ठेवून मीटर हलकेच झुलवा आणि काटा कसा हलतो ते बघा. आता दोन्ही टर्मिनल वायरने जोडून तसंच करा. काटा जड, संथ हलू लागला तर कॉइल अखंड आहे. कॉइल चुंबकात हलते, तिच्यात वीज निर्माण होते आणि तीच वीज तिला मागे ओढते. सेल नाही, काही नाही, आणि मीटरच्या आतलं सर्वांत महाग अंग जिवंत आहे हे कळतं. फरक अजिबात जाणवला नाही तर मात्र सेल आणि रेझिस्टर काढा. दीड व्होल्ट आणि १०० किलोओहम मिळून १५ मायक्रोअँपिअर होतात. ५० मायक्रोअँपिअरच्या मीटरवर काटा पट्टीच्या ३० टक्क्यांच्या आसपास थांबायला हवा. हललाच नाही तर कॉइल किंवा आतलं एखादं जोडकाम तुटलं आहे. बराच कमी दाखवत असेल तर चुंबक क्षीण झालेलं असू शकतं.

अॅव्होवर कट-आउटचं बटण असतं. जास्त करंटने काटा आपटला की ते उसळून वर येतं. ते दाबून बसतं का बघा. बॅटरीचं झाकण नक्की उघडा. आत हिरवा-पांढरा थर असेल तर गळलेल्या सेलने पट्ट्या खाल्ल्या आहेत. आठ नंबरच्या मॉडेलला दीड व्होल्टच्या सेलबरोबर १५ व्होल्टची छोटी बॅटरी लागते. ती आता सहज मिळत नाही म्हणून कित्येक चांगले मीटर 'ओहम चालत नाही' या शेऱ्यावर स्वस्तात जातात. रिमोटमधला १२ व्होल्टचा सेल आणि ३ व्होल्टचं एक बटण सेल सिरीजमध्ये लावलं की १५ झाले. हे ठाऊक असलेल्याला तो मीटर चालूच आहे.

मेगरची गोष्ट निराळी. हँडल न फिरवता त्याचा काटा कुठेही थांबलेला असतो, कधी मध्यावर, कधी टोकाला. हा दोष नाही. त्यात दोन कॉइल एकमेकींविरुद्ध ओढतात आणि काटा परत आणणारी स्प्रिंगच नसते. हे न कळल्याने लोक चांगला मेगर बिघडलेला समजून सोडतात, आणि कधी विक्रेताही तसंच समजून कमी भाव सांगतो. परीक्षा अशी : टर्मिनल मोकळी ठेवून हँडल फिरवा, काटा अनंतावर गेला पाहिजे. मग टर्मिनल वायरने जोडून सावकाश फिरवा, काटा शून्यावर आला पाहिजे. हँडल ठराविक वेगापुढे आतल्या आत घसरल्यासारखं वाटत असेल तर तो क्लच आहे, दाब स्थिर ठेवण्यासाठीचा, आणि तो चालू असणं ही किंमत वाढवणारी बाब आहे. टर्मिनलना हात लावू नका. बाजारात काही जण मेगर 'चालू' आहे हे दाखवायला वायरची टोकं तुमच्या बोटाला टेकवतात. ५०० किंवा १००० व्होल्ट आहेत ते. नाही म्हणा.

पोस्ट ऑफिस बॉक्समध्ये पितळी खुंट्या मोजा. प्रत्येक खुंटी घासून तिच्या खाचेत बसवलेली असते; दुसऱ्या पेटीतली आणून लावली तर डगमगते. एक-दोन खुंट्या नसणं हे या वस्तूचं नेहमीचं दुखणं. खुंटी बसवून थोडी पिळली की घट्ट व्हायला हवी, आणि वरच्या एबोनाइटच्या (कडक काळ्या रबराच्या) फळीला चीर नको. एबोनाइट काळ्याचं हिरवट-तपकिरी झालं असेल तर ते वर्षानुवर्षं उजेडात राहिलं आहे. ते दिसायला वाईट, शिवाय त्या पृष्ठावरून वीज गळते.

६. या वस्तूंपासून सांभाळून

– मानक सेल, म्हणजे व्होल्टेजचं प्रमाण म्हणून वापरायचा वेस्टनचा सेल : काचेच्या एच आकाराच्या नळीत पारा आणि कॅडमियम असतं. फुटलेला असेल तर अजिबात घेऊ नका, शाबूत असेल तर उलटा करू नका.
– विमानातले आणि लष्करी मीटर ज्यांचे आकडे अंधारात चमकण्यासाठी रंगवलेले होते : त्यातल्या जुन्या रंगात रेडियम असू शकतं. आता चमकत नसलं तरी किरणोत्सार तसाच आहे. रेडियम निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. अशा मीटरची काच उघडायची नाही, रंग खरवडायचा नाही.
– जुन्या हीटिंग उपकरणांतली आणि रेझिस्टन्सच्या पेट्यांतली पांढरी तंतुमय गादी अॅस्बेस्टॉसची असू शकते. फुंकर मारू नका.
– जुना मल्टिमीटर घरच्या मेनवर किंवा थ्री फेज पॅनेलवर लावू नका. आजच्या मीटरवर असतो तसा सुरक्षेचा वर्ग त्याला नाही, आणि त्याच्या वायरींचं रबर कधीच कडक होऊन तडकलेलं असतं. सेलवर, कमी दाबावर हवा तितका वापरा.

७. कागद

घ्यायच्या आधी नाही मिळाले तर नंतर कधीच मिळत नाहीत, म्हणून वेगळं लिहितो. जमवायचे कागद असे :

– विकणाऱ्याची सही असलेली साधी पावती, त्यात उपकरणाचं नाव, मेक आणि सीरियल नंबर
– संस्थेतून आलं असेल तर निर्लेखनाचं पत्र किंवा लिलावाच्या डिलिव्हरी ऑर्डरची प्रत
– मूळ टेस्ट सर्टिफिकेट, पुस्तिका, कॅलिब्रेशनचे जुने शिक्के किंवा चिठ्ठ्या, जे असेल ते

उपकरणाच्या बाजूवर पांढऱ्या ऑइलपेंटने डेड स्टॉक नंबर लिहिलेला असतो. कुठे कॉलेजचं नाव, कुठे 'मीटर टेस्टिंग', कुठे मिलचं इंग्रजी आद्याक्षर. नवखी माणसं घरी आणल्यावर पहिलं काम करतात ते थिनर लावून हा नंबर पुसण्याचं. कृपा करून पुसू नका. कागद हरवला तरी हा नंबर त्या वस्तूचं मूळ सांगतो. कागद असेल तर नंबर आणि कागद मिळून किंमत वाढवतात. आणि नंबर आहे पण कागद नाही अशी अलीकडची वस्तू समोर आली, तर ती विकायचा हक्क समोरच्याला आहे का, हे आधी विचारा.

घरगुती वीजमीटरचा एक खास सापळा. फेरारीसच्या फिरत्या चकतीचे जुने मीटर फार सुंदर असतात आणि भंगारात ढीगाने दिसतात. पण घराघरांत लावलेला मीटर हा बहुधा वीज कंपनीच्या मालकीचा असतो. सील शाबूत असलेला मीटर कागदाशिवाय घेऊ नका. लिलावातून आलेला, सील काढलेला, पावतीसह असेल तर अवश्य घ्या.

८. किंमत ठरवणं

आता मूळ प्रश्न.

भंगारवाला वजनाने बघतो, हे ध्यानात ठेवा. त्याच्या दृष्टीने टँजंट गॅल्व्हानोमीटर म्हणजे पितळ आणि तांबं, त्यामुळे त्याची किंमत पितळाच्या भावापासून सुरू होते आणि तिच्या खाली येत नाही. बेकलाइटचा अॅव्हो मीटर मात्र त्याला कचरा वाटतो, आत वितळवण्यासारखं फार काही नाही. म्हणून भंगाराच्या टप्प्यावर बेकलाइटच्या वस्तूंत सौदा चांगला होतो, आणि पितळेच्या वस्तू रिवाइंडिंगच्या दुकानातून किंवा घरांतून घ्याव्यात.

बाजारभाव शोधताना मागितलेली किंमत बघू नका, झालेली विक्री बघा. ईबेवर विकल्या गेलेल्या वस्तूंची वेगळी चाळणी लावता येते. विक्रीला लावलेल्या मेगरला कुणी काहीही आकडा टाकू शकतं. त्या आकड्याला तो वर्षभर तिथेच पडून असतो. ब्रिटनमध्ये अॅव्होचं आठ नंबरचं मॉडेल फार मोठ्या संख्येने आहे, लष्कर, पोस्ट खातं, कारखाने सगळीकडे होतं, त्यामुळे तिथे ते दुर्मिळ समजलं जात नाही. तिथला भाव पाउंडातून रुपयांत करून इथे सांगणारा विक्रेता तीन किलोच्या वस्तूचं टपालभाडंही त्यात मिसळत असतो.

जुनं म्हणजे महाग, हा समज सोडा. १९५० च्या दशकातला साधा पॅनेल अॅमीटर आजही काही रुपयांची वस्तू आहे, कारण तसे हजारो बनले. उलट साठ-सत्तरच्या दशकातला भारतीय कंपनीचा, पेटी आणि पुस्तिकेसकट शाबूत राहिलेला मीटर शोधून सापडत नाही. भारतीय माल वापरून संपवला गेला, कुणी जपला नाही. माझं स्पष्ट मत आहे की इथल्या संग्राहकाने विलायती नावामागे न धावता नाशिक, मुंबई, ठाण्यात बनलेल्या उपकरणांना आधी जागा द्यावी. किंमत आज कमी आहे आणि माहिती असलेली माणसं अजून भेटतात.

हिशेबासाठी माझा ठोकताळा सांगतो. चालू, पूर्ण, मूळ पेटी-वायर-पुस्तिकेसह असलेल्या वस्तूच्या झालेल्या विक्रीची सरासरी १०० धरा. पेटी आणि वायर नसतील तर मी ६०-७० च्या वर जात नाही. काच तडकलेली असेल तर ५०. यंत्रणा मेलेली असेल तर २०, आणि तेही सुटे भाग म्हणून. कुणी वरून रंग मारला असेल, लाकडाला नवं पॉलिश चढवलं असेल, तबकडी नवी छापून लावली असेल, तर चालू असूनही निम्म्याच्या खाली. मूळ टेस्ट सर्टिफिकेट त्याच सीरियल नंबरचं असेल तर १०० च्या वर खुशाल जा. हे आकडे म्हणजे नियम नाहीत, घासाघीस करताना मनात ठेवायची पट्टी आहे.

डेकेड बॉक्स आणि मानक रेझिस्टन्स यांना आणखी एक भाव आहे, कामाचा. मॅंगॅनिन या मिश्रधातूच्या चांगल्या तारेचे रेझिस्टन्स दशकानुदशकं फार थोडे बदलतात, त्यामुळे छंदी इलेक्ट्रॉनिक्सवाले आणि लहान प्रयोगशाळा ते वापरायला घेतात. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून कॅलिब्रेट करून घेतलेला बॉक्स शोभेच्या बॉक्सपेक्षा लवकर विकला जातो. कॅलिब्रेशनचा खर्च आधी विचारून घ्या. स्वस्त बॉक्सवर तो निघत नाही.

९. घरी आणल्यावर

पहिला आठवडा काहीही करू नका, फक्त फोटो काढा आणि सेल असतील तर काढून टाका.

मग कोरड्या ब्रशने धूळ. पितळेला ब्रासो लावायचा नाही. प्रयोगशाळेच्या उपकरणांवर कारखान्यात लॅकरचा पातळ सोनेरी थर दिलेला असतो. ब्रासोने तो निघून जातो, पितळ चार दिवस लखलखतं आणि पावसाळ्यात पहिल्यापेक्षा काळं पडतं. तो थर परत आणता येत नाही. एबोनाइटला गरम पाणी वर्ज्य. बेकलाइटला किंचित ओलसर कापड पुरे, उन्हात वाळवायचं नाही. तबकडीला ओलं काहीच लावू नका, छपाई उठते.

मीटर उघडायचाच असेल तर जागा आधी नीट बघा. वर्कशॉपच्या टेबलावर, जिथे कधी कानस चालवली आहे, तिथे उघडू नका. लोखंडाचा डोळ्यांना न दिसणारा कीस चुंबकाच्या फटीत ओढला जातो आणि मग काटा कायमचा अडखळतो. स्वच्छ पांढरा कागद पसरा. कॉइल चुंबकातून बाहेर काढायच्या फंदात पडू नका. जुन्या पोलादी चुंबकाची शक्ती त्याने कमी होते. काच किंवा प्लॅस्टिकची खिडकी कोरड्या कापडाने घासली की स्थिर वीज साचून काटा उगाच वर तरंगतो. फुंकर मारून दमट केली की तो जागेवर येतो, दोष समजून उघडू नका.

कोकणात आणि मुंबईत चामड्याच्या पेटीवर बुरशी येते आणि तिथून ती उपकरणावर उतरते. पावसाळ्यात उपकरण पेटीबाहेर, बंद डब्यात सिलिका जेलसह ठेवा, चामडं वेगळं. तडकलेल्या रबरी वायरी बदला, पण जुन्या फेकू नका. एका पिशवीत नंबर लिहून ठेवा. विकताना त्या वस्तू पूर्ण करतात.

१०. विकताना आणि पाठवताना

विकताना दोष आधी सांगा आणि तपासणीचा छोटा व्हिडिओ द्या : मेगर असेल तर अनंत आणि शून्य, मल्टिमीटर असेल तर नव्या सेलचं रीडिंग. एवढ्याने अर्धी घासाघीस संपते.

परदेशातला भाचा घेऊन जाणार असेल किंवा तिथला संग्राहक मागत असेल, तर वस्तूचं वय पाहा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी, ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही. इतका जुना मेगर किंवा गॅल्व्हानोमीटर त्यात बसतो की नाही हे आपण ठरवायचं नाही; भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून तो पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्या, मगच पॅक करा. तिकडून वापरलेलं उपकरण मागवतानाही कस्टमचे नियम आधी विचारा, नाहीतर पार्सल अडकतं आणि दंड वस्तूपेक्षा जड होतो.

पॅकिंग करताना गॅल्व्हानोमीटरला कॉइल अडकवायचा खटका असेल तर तो लावा. नसेल तर टर्मिनल तांब्याच्या वायरने शॉर्ट करा, म्हणजे प्रवासात काटा आपटत नाही. सेल काढलेले असावेत. मेगरचं हँडल दुमडता येत असेल तर दुमडा, सुटं होत असेल तर काढून वेगळं गुंडाळा. काचेवर थेट बबल न लावता आधी पुठ्ठा ठेवा, आणि एका खोक्यात दुसरं खोकं, मध्ये सगळ्या बाजूंनी किमान चार बोटं भराव. खोक्यावर वरची बाजू बाणाने दाखवा आणि शॉर्टची वायर काढायला सांगणारी चिठ्ठी टर्मिनललाच बांधा.